हौसाची ओटी

भाद्रपदात खाडीकाठच्या खारीतलं भात पोटरीला येतं तेव्हा बांधावरच्या माणसाला खाली बघून चालावं लागतं. चिंबोऱ्या, चिखलातले खेकडे, बांधात बिळं पाडतात, भरतीचं खारं पाणी त्या बिळांतून आत झिरपतं, आणि लक्ष दिलं नाही तर बिळाची खांड होऊन बांध फुटायला वेळ लागत नाही. तुळशीराम त्या दिवशी असाच खाली बघत, टाचेनं चिखल दाबत चालला होता. मागून सायकलची घंटी वाजली तेव्हा तो दचकला.

पाड्यातल्या शाळेचे नवे गुरुजी होते. मूळचे पेणचे, म्हणून सगळे त्यांना पेणकर गुरुजी म्हणत. जूनमध्ये त्यांची बदली इथं झाली होती. राहायला ते पनवेलात, तलावाकाठच्या एका खोलीत. रोज सकाळी सायकलनं बांधावरून यायचे, शाळा सुटली की परत जायचे. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. बोर्डाच्या शाळांत तेव्हा काही ना काही नवं निघत असे. पेणकर गुरुजींनी मुलांच्या हाती झाडू दिला होता. जपानातली मुलं आपली शाळा आपण झाडतात, असं त्यांनी पालकांना सांगितलं. त्यावर पाड्यातला काशिराम म्हणाला होता, "आमची पोरं गोठे झाडतात, गुरुजी. ती आदीपासनंच जपानी हायेत." गुरुजीही हसले होते. माणूस वाईट नव्हता.

"शांतीचे वडील ना तुम्ही?" सायकलवरून उतरत गुरुजींनी विचारलं.

"हां जी. काय केलं का पोरीनं?"

"तिनं काही केलं नाही. चौथीतली सगळ्यात शहाणी मुलगी आहे. पण मी थांबलो तो तिच्यासाठी नाही, तिच्या आईसाठी."

तुळशीरामचा पाय चिखलात होता तो तिथंच राहिला.

गुरुजी आपल्याच नादात बोलत होते. शनिवारी शेवटच्या तासाला ते पुस्तक उघडत नसत. एकेका मुलानं उभं राहायचं आणि त्या आठवड्यात घरी कुणी काय चांगलं केलं ते सांगायचं. दोनच नियम होते. खरं सांगायचं, आणि स्वतःचं सांगायचं नाही. स्वतःचा चांगुलपणा आपल्या तोंडानं सांगितला की तो नासतो, असं गुरुजी म्हणत. पहिल्या शनिवारी मुलं नुसती हसली. मग कुणी बैलाचं सांगितलं, कुणी आजीचं. पण दर शनिवारी न चुकता उभी राहिली ती शांती, आणि दर शनिवारी तिनं आईचंच सांगितलं.

"बांधापलीकडे ती कातकऱ्यांची म्हातारी राहते ना, पारू? तिला ताप आला तेव्हा तुमच्या घरच्यांनी तिला पेज नेऊन दिली. भर पावसात. बरोबर?"

तुळशीराम चिखलातल्या पायाकडे बघत राहिला.

"विहिरीवर पाय घसरून शेजारणीची घागर फुटली, तेव्हा आपली भरलेली घागर तिला देऊन त्या पुन्हा पाणी ओढत बसल्या. आणि मला सगळ्यांत आवडलं ते भाकरीचं. करपलेली भाकरी त्या स्वतः खातात, आणि चांगली तुमच्यासाठी टोपलीखाली झाकून ठेवतात. म्हणे, 'बाबाला कळत पन नाय.' मला हसूच आलं तेव्हा." गुरुजी पुन्हा हसले. "नाव काय हो बाईंचं?"

"हौसा."

"आज भेटतील का घरी?"

हौसा गेल्या वर्षी चैत्रात गेली होती. मिठागरात मीठ ओढायचे ऐन दिवस होते. ताप आला, उतरला, पुन्हा चढला. तुळशीरामनं तिला बैलगाडीत घालून पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं, पण ती गाडीतून उतरली नाही. पाड्यातल्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. "नशीब काढलं बाईनं," त्या एकमेकींना म्हणाल्या, "कुंकू घेऊन गेली." तुळशीराम तिथंच भिंतीशी बसला होता. हे कुणाचं नशीब, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

त्यानंतर 'हौसा वारली' असं म्हणायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. ज्यांना सांगायचं ते सगळे स्मशानात हजर होते. आता पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणि शब्द तोंडात येईना.

"बाजारात गेलेय," तो म्हणाला.

"असू दे. निरोप द्या मग. शनिवारी शाळेत सगळ्या आयांना बोलावतोय. हळदकुंकू, खण-नारळ. माझी बायको येणार आहे ओट्या भरायला. पहिली ओटी हौसाबाईंची. मी मुलांना तसं सांगून टाकलंय."

"सांगतो तिला."

गुरुजी गेले. सायकल बांधाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तुळशीराम उभा राहिला. समोर कर्नाळ्याचा सुळका ढगातून निम्मा बाहेर आला होता. त्याला वाटलं, पोरीला विचारायचं तरी कसं? आपण आत्ता काय बोललो ते तिनं ऐकलं असतं तर?

घरी आला तेव्हा शांती विहिरीवर गेली होती. चुलीशेजारी टोपली पालथी घातलेली होती. रोजच असायची. तो पहाटे बांधावर जायचा, दिवस कलल्यावर यायचा, टोपली उचलायचा आणि खायचा. हौसा गेल्यावर शेजारची सोनाबाई भाकऱ्या द्यायला लागली होती. सोनाबाई त्याच्या भावकीतली, नात्यानं वहिनी. तीच देत असणार, असं धरून तो इतके दिवस खात आला होता. कुणी ठेवली हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. खरं तर या दीड वर्षात त्यानं काहीच विचारलं नव्हतं.

आज त्यानं भाकरी हातात घेऊन पाहिली. तांदळाची भाकरी, पण गोल नव्हती. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि कडेला बोटांचे ठसे. बोटं लहान होती.

शांती घागर घेऊन आली. नऊ वर्षांची पोर. घागर कमरेवर पेलण्यासाठी ती एका बाजूला इतकी वाकली होती की म्हातारीसारखी दिसत होती.

"बाबा, जेवला नाय?"

"जेवतो. हात बगू तुजा."

तिनं हात मागे घेतला. त्यानं धरून पुढे ओढला. बोटांच्या टोकांवर पांढरे जुने डाग होते, आणि मनगटाजवळ एक ताजा, लाल.

"तवा लागला," ती म्हणाली. मग घाईघाईनं म्हणाली, "पन आता लागत नाय जास्त."

तिला बांधावरचं सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण तिनं हात सोडवून घेतला आणि घागर माचीवर ठेवायला गेली. पाठमोरी असताना ती पदर नसताना पदर खोचल्यासारखा कमरेला हात लावायची. ही हौसाची सवय होती. तुळशीराम भाकरी तशीच टोपलीखाली ठेवून बाहेर पडला.

सोनाबाई अंगणात जाळ्याला ठिगळ लावत बसली होती. तिचा मुलगा भगवान, शांतीच्याच वर्गातला, पायरीवर बसून शेंगांची टरफलं कोंबडीला मारत होता.

"वैनी, भाकरी तू देतेस ना आमाला?"

सोनाबाईनं सुई थांबवली. "मी? कवाच्या गोष्टी करता, भावजी? शिमग्यापासनं नाय दिली. तुमची शांती आली आनि बोलली, काकी, आता नको, बाबा सोता करतो. मी म्हनलं, चला, मानूस सावरला."

"मी नाय करत."

"मंग कोन करतो?"

त्यानं आपल्या घराकडे पाहिलं. सोनाबाईच्या चेहऱ्यावरून त्याला दिसलं की तिला कळलं आहे. तिनं जाळं बाजूला ठेवलं.

मग त्यानं शाळेचं सांगितलं. शनिवारचा तास, पारूची पेज, घागर, करपलेली भाकरी. बोलताना तो तिच्याकडे न बघता भगवानकडे बघत होता. भगवाननं टरफलं मारायची थांबवली.

"अगो बाय!" सोनाबाई म्हणाली. "मेलेली आय जिती करून साळंत सांगते! आनि ही घागर, ती तर माजीच फुटली व्हती आषाढात. शांतीनं दिली मला भरलेली." ती भगवानवर वळली. "आनि तू काय करत व्हतास रे? गुरुजीला सांगता नाय आलं?"

"कशाला सांगू?"

"कशाला म्हंजे? दर शनवारी खोटं ऐकून घेता?"

"ती उभी रायली की आमी खाली बगतो," भगवान म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. गणू एकदा हसला त्याला मी मधल्या सुट्टीत बुकलला."

मग सोनाबाईचा राग गुरुजींकडे वळला, कारण तो कुठं तरी वळायला हवा होता. "आनि त्या मास्तराला तरी काय अक्कल! पितरांच्या पंधरवड्यात कोन ओट्या भरतो? काशिराम त्याला बोलला, तर म्हनतो, सगळे दिवस सारखेच. शिकल्याला मानूस तो! ह्या दिवसांत ओटी भरायची ती एकाच बाईची, अहेव नवमीला. ती बी..."

ती मध्येच थांबली. ती बी मेलेल्या बाईची, असं ती म्हणणार होती.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी ती नवमी असते. त्या दिवशी घरी एक सवाशीण बोलवायची, तिला पाटावर बसवायचं, जेवू घालायचं, आणि गेलेलीच्या नावानं तिची ओटी भरायची. गेल्या भाद्रपदात हौसाचं वर्ष भरलं नव्हतं म्हणून तुळशीरामनं ती केली नव्हती. या वर्षी करायची होती, आणि तो विसरून गेला होता.

"वैनी, नवमी कदी हाय?"

"मंगळवारी. शनवारच्या फुडच्या."

"मंग तू बसशील पाटावर?"

"बसेन की. नाय कशाला म्हनू?" सोनाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "पन भात नीट शिजवा. हौसाच्या नावानं कच्चा भात खानार नाय मी. ती असती तर तिनं पन खाल्ला नसता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुळशीराम पनवेलला गेला. गुरुजींच्या खोलीत त्यांची बायको तांदूळ निवडत होती. तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. तुळशीराम सतरंजीवर न बसता उंबऱ्याशीच टेकला. त्याला वाटलं होतं, वाटेत शब्द जुळवता येतील. शब्द जुळले नाहीत. तो एकदम म्हणाला, "गुरुजी, हौसा मेली. गेल्या सालीच मेली."

तांदूळ निवडणारा हात थांबला. गुरुजींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि पुष्कळ वेळ तो पुसत राहिले.

"बांधावर तुम्ही मला सांगितलंत की बाजारात गेली आहे."

"हां. मी खोटं बोललो. पोरगीचा दोष नाय, ते माज्याकडनंच आलंय."

"आणि मी तिच्या प्रत्येक गोष्टीला शाबासकी दिली," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दुखावलेपण होतं. "सगळ्या वर्गासमोर. मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं, या खोलीत फक्त खरं बोलायचं. आता मी काय करू? गप्प बसलो तर मीही त्यात सामील."

"सगळीच सामील हायेत, गुरुजी. वर्गातल्या एका पन पोरानं तोंड उगडलं नाय. त्यांना पैल्या दिवसापासनं ठावं हाय."

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आनि तिनं सांगितलं ते झालंय," तुळशीराम म्हणाला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "पारूला पेज दिलीये. मी येताना तिच्या झोपडीशी थांबून विचारलं. घागर दिलीये. भाकरी तर मीच खाल्लीये. सगळं झालंय. नाव तेवडं तिनं दुसरं घेतलं. सोताचं सांगायचं नाय म्हनून तुमीच बोलला व्हता."

गुरुजींची बायको उठून आत गेली.

"एकच नाव," गुरुजी हळू म्हणाले. "पण केवढं नाव, तुळशीराम. आई नाही, हे त्या मुलीनं एकदा तरी तोंडानं म्हणायला हवं. माझ्या नियमासाठी नाही म्हणत मी. हे असं किती दिवस चालवेल ती? उद्या हायस्कुलात जाईल, तिथं कुणी खाली बघणार नाही."

"तिला उभी करू नका. सगळ्यांच्या देखत नको."

"नाही करणार. मी तिला काही विचारणार नाही."

मग तुळशीरामनं नवमीचं सांगितलं. शनिवारऐवजी मंगळवारी सगळं करा, शाळेतच करा. पाटावर सोनाबाई बसेल. हौसाला पहिली ओटी द्यायची म्हणालात ना, मग तिची ओटी त्या दिवशी भरता येते. दुसऱ्या कुठल्या दिवशी येत नाही.

सगळे दिवस सारखे म्हणणाऱ्या गुरुजींनी आतल्या दाराकडे पाहिलं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "मंगळवारीच ठेवू या. मी येते."

निघताना गुरुजी त्याच्यासोबत तलावापर्यंत आले. "एक सांगतो. त्या दिवशी मी हौसाबाईंचं नाव घेईन, पण त्या आहेत असं म्हणणार नाही. ते मला जमणार नाही. शांतीला ते तिथं, बायकांच्या घोळक्यात पहिल्यांदा ऐकायला लावू नका. तुम्ही घरी तिच्याशी बोलून ठेवा."

"बोलतो," तुळशीराम म्हणाला.

पण तो बोलला नाही. त्या रात्री जेवताना बोलणार होता, तर शांती पाढे म्हणत होती. शनिवारी बोलणार होता, तर ती शाळेतून आली आणि गुमान भांडी घासायला बसली. त्या शनिवारी गुरुजींनी तो तास घेतलाच नव्हता, बाग खणायला लावली होती. तुळशीराम तिच्या पाठीकडे बघत राहिला. काय बोलायचं? तुझी आई मेली, हे तिला ठाऊक होतं. ती हौसाच्या पायाशी बसली होती तेव्हा. मग सांगायचं काय, हेच त्याला समजत नव्हतं.

रविवारी पहाटे मात्र तो रोजच्यापेक्षा आधी उठला. चूल पेटवली, पाणी उकळलं, पिठाची उकड काढली. हौसाला करताना त्यानं हजारदा पाहिलं होतं, पण हातानं कधी केलं नव्हतं. पीठ हाताला चिकटलं. भाकरी परातीतून उचलताना तिचे दोन तुकडे झाले. त्यानं ते तव्यावर जोडून ठेवले. धुरानं त्याचे डोळे भरून आले आणि तो खोकायला लागला.

शांती उठून दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बाजूला सर, बाबा. मी करते."

"तू झोप."

"तुला नाय येत."

"येल."

ती तिथंच खाली बसली आणि त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्यानं दुसरी भाकरी टाकली. तीही करपली. त्यानं करपलेल्या आपल्यापुढे ओढल्या, आणि त्यातल्या त्यात बरी होती ती टोपलीखाली झाकून ठेवली. टोपली पालथी घालताना त्याचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. शांतीचं तोंड एकदम लहान झालं होतं.

"तुला कोनी सांगितलं?" तिनं विचारलं.

"गुरुजीनं."

"गुरुजीला समजलं?"

"हां. मी सांगितलं."

तिनं गुडघ्यात डोकं घातलं. ती रडेल म्हणून तो वाट बघत राहिला, पण ती रडली नाही. थोड्या वेळानं उठून तोंड धुवायला गेली. मंगळवारच्या नवमीचं त्यानं ती पाठमोरी असतानाच सांगितलं. सोनाकाकी पाटावर बसणार, गुरुजींची बायको ओटी भरणार. "आयच्या नावाची," तो म्हणाला. तिनं चूळ भरली आणि पाणी टाकलं.

मंगळवारी शाळेच्या एकुलत्या एका खोलीत बायका दाटीनं बसल्या. शाळेत ओटी आणि ती पितरपक्षात, म्हणून काही जणी नुसत्या बघायला आल्या होत्या. मुलं भिंतीला चिकटून बसली होती. तुळशीराम दाराबाहेर, पायऱ्यांच्या कडेला उभा होता. पुरुषाचं तिथं काम नव्हतं, पण त्याला जाववेना. मधोमध पाट होता, पाटाभोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी. सोनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून त्यावर बसली होती आणि इतकी ताठ बसली होती की कुणीतरी म्हणालं, "वैनी, श्वास तरी घे."

गुरुजींच्या बायकोनं तिला हळदकुंकू लावलं. गुरुजी उभे राहिले. त्यांनी मोठं भाषण केलं नाही.

"आज नवमी आहे," ते म्हणाले. "ही ओटी हौसाबाईंच्या नावानं आहे. शांतीची आई. मला त्यांना भेटायचं होतं. माझी भेट राहून गेली."

बायकांत कुजबूज उठली आणि विझली. भिंतीलगतच्या मुलांनी, सवयीनं, माना खाली घातल्या. तुळशीरामनं ते पाहिलं. इतकी पोरं एकदम जमिनीकडे बघत होती.

आणि शांती उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"गुरुजी, माजी आय वारली," ती म्हणाली. आवाज शनिवारी येत असेल तसाच, धडा म्हटल्यासारखा होता. "गेल्या साली. चैतात. मी सांगत व्हते ते आयनं नाय केलं. ते..."

ती थांबली. पुढचं तिला सांगता येईना, कारण पुढचं तिचं स्वतःचं होतं, आणि स्वतःचं सांगायचं नाही असा नियम होता. ती तशीच उभी राहिली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. बायकांतून कुणी तरी 'खोटारडी' असं हळूच म्हणालं, की तुळशीरामला तसं वाटलं. त्यानं पायरीवर पाय ठेवला.

भगवान उठला.

"गुरुजी, ते सगळं हिनंच केलंय. मी बगितलंय. पेज नेली तवा मी संगती व्हतो. पावसात." त्यानं सोनाबाईकडे चोरून पाहिलं, कारण त्या दिवशी तो भिजून आला म्हणून त्यानं मार खाल्ला होता. "हे दुसऱ्याचं हाय, गुरुजी. दुसऱ्याचं सांगितलेलं चालतं ना?"

"चालतं," गुरुजी म्हणाले. त्यांना तेवढंच म्हणता आलं.

"मंग मी सांगितलं," असं म्हणून भगवान खाली बसला. शांतीही बसली.

गुरुजींच्या बायकोनं ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हिरवा खण लाल काठाचा. सोनाबाईनं पदर पसरून घेतली, आणि घेताना ती रडली. मग बाकीच्याही रडल्या, आणि त्यात हौसासाठी रडत होत्या त्या किती आणि आपापल्या माणसांसाठी किती, हे सांगता आलं नसतं. तुळशीरामला मात्र रडू आलं नाही. त्याला फक्त हे कळत होतं की पाड्यात हौसा कधीच गेली होती, पण या खोलीत ती जूनपासून दर शनिवारी येत होती, आणि आज ती इथूनही गेली.

बायका पांगल्यावर सोनाबाई खण हातात घेऊन शांतीजवळ आली. "घे. पोलकं शिव तुला."

शांतीनं हात पुढे केला.

"नाय, वैनी," तुळशीराम म्हणाला. "पाटावर बसली तिचंच असतं ते. मागं नाय फिरवायचं. हौसाला नाय पोचनार." त्याला देता आलं असतं तर त्यानं दिलंही असतं. पण रीत होती, आणि हौसापर्यंत काही पोचायची तेवढी एकच वाट त्याला ठाऊक होती.

शांतीनं खणावरून एकदा बोटं फिरवली आणि हात मागे घेतला.

ती दोघं बांधावरून घरी निघाली. भरती लागली होती, पाणी बांधाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. शांती पुढे, तो मागे. एका जागी बांधातून पाण्याची बारीक धार आत येत होती. तुळशीराम वाकला, चिखलाचा गोळा बिळात कोंबला आणि टाचेनं दाबला. शांती थांबून बघत राहिली.

"बाबा."

"हं."

"आता शनवारी मी काय सांगू?"

"कोनाचं पन सांग. काकीचं सांग. भगवानचं सांग, त्यानं केलं ना तुज्यासाठी."

"आयचं?"

त्यानं टाच उचलली. धार थांबली होती, पण शेजारून दुसरी निघाली होती. तो पुन्हा वाकला.

"तिचं आता काय उरलं नाय, पोरी."

त्याचं बीळ बुजवून होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली आणि मग त्याच्या मागून चालू लागली.

पुढल्या शनिवारी शेवटच्या तासाला पोरं एकेक करून उभी राहिली. काय झालं ते भगवाननं घरी येऊन आईला सांगितलं, आणि सोनाबाईनं तुळशीरामला सांगितलं. शांतीची पाळी आली तेव्हा ती बसूनच राहिली. सगळ्या वर्गानं, तिच्या उभं राहण्याची वाट न बघताच, माना खाली घातल्या. गुरुजी थोडं थांबले. मग त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.